समुद्राचे घड्याळ

पाठप्रवेश

परगावी जायचे ठरले की आपण प्रथम गाडीचे वेळापत्रक पाहतो. मुक्काम कोठे करायचा, खर्च किती येईल, सोबत काय न्यायचे, याचा विचार करतो. परंतु अपरिचित समुद्रकिनारी पक्षी पाहायला जायचे असेल, तर एवढी तयारी पुरत नाही. तेथे आणखी एक वेळापत्रक हाती असावे लागते. ते असते भरती-ओहोटीचे.

प्रस्तुत पाठात गुजरातमधील जामनगरच्या किनाऱ्याचे उदाहरण घेऊन पक्षिनिरीक्षणाच्या पहिल्या सहलीचे नियोजन कसे करावे, हे सांगितले आहे. तुम्ही इंदुरात राहत असा, हैदराबादेत की दिल्लीत. जामनगरचा किनारा तुम्हांला बहुधा नवखाच असेल. येथे शिकलेली रीत मात्र अन्य किनाऱ्यांवरही उपयोगी पडेल.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• भरती-ओहोटीचा आणि किनाऱ्यावरील पक्ष्यांच्या दिनक्रमाचा संबंध स्पष्ट करता येईल;
• अपरिचित प्रदेशातील सहलीचा आराखडा तयार करता येईल;
• पक्ष्यांना त्रास न देता निरीक्षण करण्याचे नियम सांगता येतील;
• पक्ष्यांच्या मराठी नावांची घडण ओळखता येईल;
• निरीक्षणाची नोंद नेमक्या शब्दांत लिहिता येईल.

मूळ पाठ

१. रिकामा दिसणारा किनारा

डिसेंबर महिन्यातील एक सकाळ. पक्षी पहाटे दिसतात, असे सर्वांकडून ऐकलेला एक हौशी निरीक्षक उजाडताच जामनगरजवळच्या किनाऱ्यावर येऊन उभा राहतो. समोर पाणी नाहीच. नजर पोहोचेल तेथवर करड्या, ओल्या चिखलाचे मैदान पसरलेले आहे. फार दूर, जेथे चिखल आणि आकाश एकमेकांत मिसळल्यासारखे वाटतात, तेथे काही ठिपके हलताना दिसतात. दुर्बिणीतूनही ते ठिपकेच राहतात. तास-दीड तास वाट पाहून तो कंटाळतो आणि "येथे काही पक्षी नाहीत" असे म्हणत परततो.

चार-पाच तासांनी तेथेच उभे राहिलेल्या दुसऱ्या माणसाला मात्र निराळे दृश्य दिसते. पाणी चढत चढत किनाऱ्याला भिडलेले असते आणि मिठागराच्या बांधावर शेकडो पक्षी दाटीवाटीने उभे असतात. काही एका पायावर उभे राहून, चोच पाठीच्या पिसांत खुपसून विसावलेले असतात.

दोघेही एकाच किनाऱ्यावर, एकाच दिवशी गेले. पहिल्याचे डोळे अधू नव्हते आणि दुर्बीणही वाईट नव्हती. तो आपल्या घड्याळाप्रमाणे गेला. पक्षी समुद्राच्या घड्याळाप्रमाणे वागत होते. रानातील बहुतेक पक्षी सूर्योदयानंतर अधिक वावरतात, हे खरे. चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना मात्र दिवस की रात्र, यापेक्षा पाणी कोठे आहे याला महत्त्व असते. पाणी ओसरले की चिखलातील किडे, शिंपले, खेकडे यांचे ताट मांडले जाते. पाणी चढले की ते ताट झाकले जाते. म्हणून ओहोटीच्या वेळी ते चरतात, मग ती मध्यरात्र का असेना. आणि भरतीच्या वेळी कोरड्या उंचवट्यावर विसावा घेतात. ही एक गोष्ट लक्षात आली की सहलीचे निम्मे नियोजन झाले, असे समजावे.

२. प्रदेशाची ओळख

अपरिचित प्रदेशात जाण्यापूर्वी त्याचा नकाशा शांतपणे पाहावा. उत्तरेला कच्छ आणि दक्षिणेला सौराष्ट्र यांच्यामध्ये अरबी समुद्राचा एक लांबट हात जमिनीत शिरलेला दिसतो. हेच कच्छचे आखात. जामनगर आखाताच्या दक्षिण किनाऱ्यालगत आहे. आखात आत निमुळते होत गेल्याने भरतीचे पाणी आतल्या टोकाकडे अधिक उंच चढते. ओखा बंदराजवळ उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत साधारण तीन ते चार मीटरचा फरक पडतो. आतल्या टोकाशी तो सहा-सात मीटरपर्यंत जातो. किनारा सपाट असल्यामुळे एवढे पाणी ओसरले की विस्तीर्ण चिखलपट्टा उघडा पडतो.

या किनाऱ्यावर प्रवाळ आहे, तिवरांची दाट झाडी आहे आणि मिठागरे आहेत. आखातातील बेचाळीस बेटे व त्यांभोवतीचा समुद्र यांना संरक्षण मिळावे म्हणून १९८० साली येथे सागरी अभयारण्य आणि १९८२ साली सागरी राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. भारतातील हे पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान होय.

जामनगर शहरापासून सुमारे बारा किलोमीटर अंतरावर खिजडिया पक्षी अभयारण्य आहे. संस्थानी काळात समुद्राचे खारे पाणी शेतजमिनीत शिरू नये म्हणून येथे बांध घालण्यात आले. बांधाच्या आत पावसाचे गोडे पाणी साठू लागले. बाहेर खाजण आणि खारे पाणी राहिले. माणसाने शेतीसाठी केलेल्या या कामातून पक्ष्यांना एकमेकांलगत दोन घरे मिळाली. बांधावरून चालताना एका अंगाला थापट्या, तलवार बदक यांसारखी बदके तरंगताना दिसतात, तर दुसऱ्या अंगाला वरच्या बाजूस वळलेल्या चोचीचा उचाट्या, गुलाबी पंखांचा रोहित, लांब लाल पायांचा शेकाट्या उथळ पाण्यात अन्न शोधत असतात. खिजडियाला रामसर स्थळाचा दर्जा मिळाल्याचे २०२२ साली जाहीर झाले. इराणमधील रामसर या गावी १९७१ साली पाणथळ जागांच्या रक्षणासाठी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यावरून हे नाव आले आहे.

नियोजनाच्या दृष्टीने खिजडियाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. बांधाआडच्या गोड्या पाण्याला भरती-ओहोटी नसते. त्यामुळे किनाऱ्यावर पाणी दूर गेलेले असेल, ते तास येथे सत्कारणी लावता येतात.

३. तिथी आणि तक्ता

सामान्यतः चोवीस तास पन्नास मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. म्हणजे भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते आणि भरतीची वेळ दररोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी अकराला भरती असेल तर उद्या ती बाराच्या थोडी आधी असेल.

अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण एकाच रेषेत येते. त्या वेळी पाणी सर्वाधिक चढते व तितकेच दूर ओसरते. यालाच उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास हा चढउतार मंदावतो. कोकणात त्याला भांगाची भरती म्हणतात. भांगाच्या दिवसांत भरतीलाही दूरचा काही चिखल उघडाच राहतो आणि पक्षी तेथेच थांबतात. उधाणाच्या दिवशी मात्र सर्व चिखल पाण्याखाली जातो व पक्ष्यांना किनाऱ्याजवळ यावेच लागते. पहिल्या सहलीसाठी म्हणून पौर्णिमा किंवा अमावास्या आणि तिच्या पुढचे दोन दिवस निवडावेत.

मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर भरतीच्या वेळेचा एक जुना हिशेब आहे. तिथीला तिनाने गुणून चाराने भागले की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. दुपारी आणि रात्री तीनच्या सुमारास भरती. घड्याळ न पाहता होडी लोटणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून हा ठोकताळा बसवला. परंतु तो स्थूल आहे आणि त्या किनाऱ्यापुरता आहे. भरतीची वेळ बंदरागणिक बदलते. नव्या प्रदेशात जाताना घरचा हिशेब बरोबर नेऊ नये. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी प्रमुख बंदरांचे भरती-ओहोटीचे तक्ते प्रसिद्ध करतो. त्यातील सर्वांत जवळच्या बंदराची वेळ पाहावी आणि ती तेथील मच्छीमारांना विचारून ताडून घ्यावी. गुजरातीत भरतीला 'भरती'च म्हणतात आणि ओहोटीला 'ओट'. एवढे दोन शब्द ठाऊक असले तरी मराठी माणसाचे तेथे अडत नाही.

४. दोन दिवसांचा आराखडा

चिखलपायी पक्षी पावसाळा संपण्यापूर्वीच उत्तरेकडून येऊ लागतात आणि एप्रिलपर्यंत बरेचसे परततात. नवख्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातील दिवस निवडावेत. आता समजा, जानेवारीतील पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता पूर्ण भरती आहे. त्या दिवसाची आखणी अशी करता येईल.

जामनगर देशाच्या पश्चिम टोकाजवळ असल्याने जानेवारीत तेथे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. त्याच वेळी समुद्राला ओहोटी असते. म्हणून पहिले अडीच तास खिजडियाच्या बांधावर काढावेत. दहाच्या सुमारास किनाऱ्यावर पोहोचून एक जागा धरावी आणि तेथून हलू नये. पाणी चढत जाईल, तसतसे पक्षी चरत चरत आपणहून जवळ येतील. पक्ष्यांच्या मागे धावण्यापेक्षा पाण्याने त्यांना आणून सोडेपर्यंत थांबणे हेच येथील कौशल्य आहे. पाण्यापुढे पळत टिपणारे चिखल्ये, शिंपल्यांवर चोच चालवणारा कालवफोड्या, खडकावरचा समुद्र बगळा, वर घिरट्या घालणारे कुरव आणि सुरय, असा मेळा दीड-दोन तासांत जमतो. पाणी ओसरू लागले की परतावे. सायंकाळी पुन्हा खिजडिया गाठावे. हिवाळी पाहुणे असलेले क्रौंच दिवसभर शेतांत चरून सूर्यास्ताच्या सुमारास रांगा धरून मुक्कामाला उतरतात.

दुसऱ्या दिवशी भरती एक वाजून पन्नास मिनिटांनी असेल. आदल्या दिवशी काय चुकले, हे आता ठाऊक असते. त्यामुळे त्याच जागी पुन्हा जाणे शहाणपणाचे ठरते. दोन दिवसांत सहा स्थळे पाहणाऱ्याला कोणत्याच स्थळाची ओळख होत नाही.

प्रकाशाचाही विचार करावा. कोकणचा किनारा पश्चिमाभिमुख असल्याने तेथे दुपारनंतर सूर्य डोळ्यांवर येतो आणि पक्ष्यांच्या काळ्या आकृत्या तेवढ्या दिसतात. जामनगरचा समुद्र उत्तरेला आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो. त्यामुळे किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभे राहिले की बराचसा दिवस प्रकाश आपल्या पाठीशी असतो आणि पक्ष्यांचे रंग स्पष्ट दिसतात.

५. साहित्य, परवानगी आणि सुरक्षितता

सोबतचे साहित्य थोडे असावे. दुर्बिणीवर ८ × ४० असे आकडे लिहिलेले असतात. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. नवख्याला आठपटीची दुर्बीण पुरते. त्याहून मोठी दुर्बीण हातात थरथरते. स्वतःची नसेल तर दोघांत एक वापरावी. शाईची अक्षरे पाण्याने फुटतात, म्हणून वहीबरोबर शिसपेन्सिल ठेवावी. डोक्याला टोपी, पुरेसे पाणी आणि मळकट रंगाचे कपडे असावेत. ओळख पटवण्यासाठी एक सचित्र पुस्तक हवे. डॉ. सालिम अली यांचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' १९४१ साली प्रथम प्रसिद्ध झाले आणि भारतीयांच्या अनेक पिढ्या त्यावर घडल्या. मराठी वाचकाजवळ मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षीकोश' आहे.

अभयारण्यात आणि सागरी उद्यानात जाण्यासाठी वनविभागाची परवानगी लागते. वेळा व शुल्क बदलत असल्याने निघण्यापूर्वी पत्राने किंवा दूरध्वनीने चौकशी करावी. जामनगर परिसरात वायुदलाची व नौदलाची ठाणी आहेत. त्यांच्या आसपास दुर्बीण किंवा कॅमेरा बाहेर काढू नये.

सर्वांत महत्त्वाची सूचना चिखलाविषयी आहे. जवळून पाहण्याच्या मोहाने चिखलात उतरू नये. पाय रुततात, हा एक धोका. दुसरा धोका न दिसणारा असतो. भरतीचे पाणी समोरूनच येते असे नाही. ते आधी चिखलातील नाळांत शिरते आणि आपल्या पाठीमागची वाट बंद करते. नरारा येथे ओहोटीच्या वेळी प्रवाळ पाहायला जातात, तेही माहीतगार वाटाड्याबरोबर आणि त्याने सांगितल्या क्षणी परत फिरण्याच्या तयारीने.

६. पाहुण्याची रीत

आपण किनाऱ्यावर दोन दिवसांचे पाहुणे असतो. पक्षीही पाहुणेच असतात. परंतु त्यांचा प्रवास फार मोठा असतो. पट्टेरी शेपटीचा गॉडविट हा जेमतेम कोंबडीएवढा, लांब चोचीचा पक्षी हिवाळ्यात कच्छच्या आखातात येतो. याच जातीच्या, सुमारे पाच महिने वयाच्या एका पिल्लाने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अलास्कापासून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर अंतर अकरा दिवसांत, वाटेत कोठेही न उतरता पार केले. त्याच्या अंगावर बसवलेल्या लहानशा यंत्रामुळे ही नोंद झाली. एवढ्या उड्डाणाला लागणारी शक्ती चरबीच्या रूपाने साठवावी लागते आणि ती साठवण्याचे ठिकाण म्हणजे आपल्याला ओसाड वाटणारा चिखल.

चिखल गेला तर काय होते, याचे उदाहरण दक्षिण कोरियात घडले. तेथे सेमानगुम येथील खाडीमुखावर सुमारे तेहतीस किलोमीटर लांबीचा समुद्रबांध घालण्यात आला. २००६ साली तो पुरा झाला आणि विस्तीर्ण चिखलपट्टा भरतीला मुकला. स्थलांतराच्या वाटेवर तेथे थांबणारे ग्रेट नॉट नावाचे हजारो पक्षी शेजारच्या खाड्यांत जाऊन सामावतील, अशी आशा होती. तसे झाले नाही. त्या जातीची संख्याच घटली. थोड्या संख्येने का होईना, हा पक्षी जामनगरच्या किनाऱ्यावरही हिवाळा काढतो.

आपण बांध घालत नाही, हे खरे. पण आपल्या उतावळेपणाची किंमतही पक्ष्यांनाच मोजावी लागते. भरतीच्या वेळी विसावलेला थवा छायाचित्रासाठी उडवला, तर भरपूर श्रमाने मिळवलेली शक्ती त्या निरर्थक उड्डाणात खर्च होते. पाणी चढलेले असल्याने त्यांना दुसरीकडे उतरायलाही जागा नसते. थवा अस्वस्थ झाल्याची चिन्हे आधी दिसतात. चरणारे पक्षी चरणे थांबवतात, विसावलेले माना वर करतात, एखादा आवाज देतो, काही चालू लागतात. माना वर झाल्या की आपण तेथेच थांबावे. त्या खाली गेल्या नाहीत तर मागे सरावे. ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून पक्ष्यांना बोलावू नये. वाहनातून उतरताना दार आपटू नये.

७. नोंद

सहलीहून परतताना यादीत किती नावे आहेत, यावरून तिचे यश मोजू नये. न ओळखलेल्या पक्ष्याचीही नोंद करावी. दिनांक, स्थळ, वेळ, भरती की ओहोटी, अंदाजे संख्या, आकार, चोच व पाय यांचा रंग आणि तो काय करत होता, इतके लिहिले तरी पुढे कोणी जाणकार ओळख पटवू शकतो. उदाहरणार्थ, "बगळ्याहून लहान, काळा-पांढरा पक्षी, चोच काळी व जाड, खेकडा पकडून आपटत होता" या नोंदीवरून तो क्रॅब प्लोव्हर असावा, असे सांगता येते. हा पक्षी वाळूत बीळ करून त्यात अंडे घालतो; चिखलपायी पक्ष्यांत ही रीत विरळाच.

अशा नोंदींना मोल असते. आशियातील पाणपक्ष्यांची जानेवारीतील गणना १९८७ पासून चालू आहे आणि तिच्यात हौशी निरीक्षकांचा मोठा वाटा असतो. जानेवारी २०२५ मध्ये जामनगरच्या सागरी राष्ट्रीय उद्यान परिसरात किनारी व चिखलपायी पक्ष्यांची खास गणनाही झाली. पहिल्या सहलीतील वहीचे एक पान अशा कामात प्रवेश मिळवून देऊ शकते. त्यासाठी आधी किनाऱ्यावर गप्प उभे राहून पाण्याची वाट पाहता आली पाहिजे.

शब्दार्थ

खाजण – भरतीचे पाणी शिरते ती खारी दलदलीची जमीन
तिवर – खाऱ्या चिखलात वाढणारे झाड
मिठागर – समुद्राचे पाणी आटवून मीठ तयार करण्याची जागा
उधाण – अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती
भांग – अष्टमीच्या सुमाराची मंद भरती
ठोकताळा – अनुभवावरून बांधलेला अंदाज
नाळ – पाणी वाहून जाण्याची अरुंद वाट
चिखलपायी पक्षी – उथळ पाण्यात व चिखलात चालत अन्न शोधणारे पक्षी

पाठगत प्रश्न १

(अ) योग्य शब्दाने रिकाम्या जागा भरा.
१. भरतीची वेळ दररोज साधारणपणे ........ मिनिटांनी पुढे सरकते.
२. खिजडियाच्या बांधाआडच्या ........ पाण्याला भरती-ओहोटी नसते.
३. जामनगरच्या किनाऱ्यावर समुद्र ........ दिशेला आहे.

(आ) चूक की बरोबर ते सांगा.
१. चिखलपायी पक्षी फक्त दिवसाच चरतात.
२. उधाणाच्या दिवशी पक्षी किनाऱ्याजवळ येतात.
३. कोकणातील तिथीचा हिशेब सर्व बंदरांना तंतोतंत लागू पडतो.

आकलन

लेखकाने पाठाची सुरुवात माहितीने न करता एका फसलेल्या सकाळीच्या वर्णनाने केली आहे. पहिला निरीक्षक आळशी किंवा अडाणी नाही. प्रचलित समजावर विसंबल्यामुळे तो चुकतो. त्यामुळे पुढील माहितीची गरज वाचकाला आपोआप पटते. 'ताट मांडले जाते', 'ताट झाकले जाते' या शब्दयोजनेमुळे ओहोटी आणि भरती यांचा पक्ष्यांच्या दृष्टीने असलेला अर्थ ध्यानात येतो. सहाव्या भागात लेखाचा रोख बदलतो. तोवर 'आपल्याला पक्षी कसे दिसतील' हा प्रश्न होता. तेथून पुढे 'आपल्यामुळे पक्ष्यांचे काय होईल' हा प्रश्न येतो. चांगल्या नियोजनात या दोन्ही प्रश्नांना स्थान असते, हे या पाठाचे मुख्य सूत्र आहे.

भाषाभ्यास

१. पक्ष्यांची नावे – मराठीत अनेक पक्ष्यांना त्यांच्या सवयीवरून किंवा अवयवावरून नावे मिळाली आहेत. नामाला किंवा धातूला 'या' प्रत्यय लागून असे शब्द बनतात. चिखलात वावरणारा तो चिखल्या. चमच्यासारख्या चोचीचा तो चमच्या. 'रड्या', 'बडबड्या' हे नेहमीचे शब्दही असेच बनले आहेत.

२. समास – पुढील सामासिक शब्दांचा विग्रह पाहा.
भरती-ओहोटी : भरती आणि ओहोटी – इतरेतर द्वंद्व
पक्षिनिरीक्षण : पक्ष्यांचे निरीक्षण – षष्ठी तत्पुरुष
कालवफोड्या : कालवे फोडणारा – उपपद तत्पुरुष
'पक्षी' हा शब्द एकटा असताना दीर्घान्त लिहितात. 'पक्षिनिरीक्षण' यासारख्या समासात पूर्वपद म्हणून आला की तो ऱ्हस्वान्त होतो.

३. वाक्प्रचार – 'उधाण' हा शब्द समुद्रापुरता राहिलेला नाही. 'आनंदाला उधाण येणे' म्हणजे अतिशय आनंद होणे. 'सत्कारणी लावणे' म्हणजे चांगल्या कामासाठी उपयोगात आणणे.

पाठगत प्रश्न २

१. 'मिठागर' या शब्दाचा विग्रह करून समास ओळखा.
२. 'सत्कारणी लावणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.

तुम्ही काय शिकलात?

• चिखलात चरणारे पक्षी भरती-ओहोटीनुसार वागतात; म्हणून सहलीची वेळ तीवरून ठरवावी.
• अपरिचित प्रदेशाचा नकाशा, दिशा, प्रकाश व स्थानिकांचे ज्ञान यांचा नियोजनात उपयोग होतो.
• एकाच जागी शांतपणे थांबणे हे अनेक स्थळे धावतपळत पाहण्यापेक्षा चांगले.
• पक्ष्यांना न उडवणे ही निरीक्षकाची जबाबदारी आहे.
• नेमकी नोंद पुढील अभ्यासाला उपयोगी पडते.

पाठान्त प्रश्न

१. "दोघेही एकाच किनाऱ्यावर, एकाच दिवशी गेले." तरीही दोघांना निरनिराळी दृश्ये का दिसली, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. खिजडियाला 'पक्ष्यांची दोन घरे' म्हणण्यामागील कारण स्पष्ट करा.
३. भरतीच्या वेळी विसावलेला थवा उडवणे विशेष हानिकारक का असते?
४. सेमानगुमच्या उदाहरणातून लेखकाला काय सुचवायचे आहे, ते तुमच्या शब्दांत लिहा.
५. समजा, पूर्ण भरती सकाळी नऊ वाजता आहे. पाठातील माहितीच्या आधारे जामनगरमधील त्या दिवसाचा आराखडा तयार करा.
६. तुमच्या अभ्यासगटाला पक्षी अभयारण्यात प्रवेश मिळावा, यासाठी वनाधिकाऱ्यांना विनंतीपत्र लिहा. पत्रात गटातील विद्यार्थ्यांची संख्या, दिनांक, वेळ, भेटीचा हेतू आणि नियम पाळण्याची हमी यांचा उल्लेख करा.

उपक्रम

तुमच्या घराजवळचे तळे, नदीकाठ किंवा समुद्रकिनारा निवडा. सलग तीन दिवस एकाच जागी अर्धा तास थांबून दिसलेल्या पक्ष्यांची पाठात सांगितल्याप्रमाणे नोंद करा. त्या पक्ष्यांना तुमच्या घरी आणि तुमच्या परिसरातील भाषेत कोणती नावे आहेत, ती वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ (अ) १. पन्नास २. गोड्या ३. उत्तर
(आ) १. चूक २. बरोबर ३. चूक

प्रश्न २ १. मिठाचे आगर – षष्ठी तत्पुरुष. २. नमुना : गाडीला उशीर झाल्याने मिळालेले दोन तास रमेशने वाचनात सत्कारणी लावले.